टाचेचा कानोसा

वृषालीने आपल्या भावाला पळायला लावलं, ते त्याच्या रक्तातली साखर वाढली म्हणून. २०४१ सालच्या जानेवारीत धनाजी भोईटे छप्पन्न वर्षांचा होता. साताऱ्याच्या एसटी आगारात तो हेड मेकॅनिक होता, आणि आगारातून घरापर्यंतचं पाऊण किलोमीटर येताना वाटेत दोनदा थांबत होता. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि रोज चालायला सांगितलं. दादा काही चालायला तयार होईना. "दिवसभर गाडीखाली वाकलेला असतोय, अजून काय अंगाला लावून घेऊ," म्हणायचा.

शेवटी शालनवहिनींनी नणंदेला फोन केला. "तुमचं ऐकतील ते. माझं ऐकायचं त्यांनी लग्नानंतर दोन वर्षांत बंद केलंय."

वृषाली दादापेक्षा तेरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा ती चौथीत होती. दादाने कॉलेज अर्ध्यावर सोडलं, आगारात चिकटला आणि बहिणीला पुण्याला पाठवून इंजिनियर केलं. या गोष्टीची घरात कधी चर्चा झाली नाही. दादाने ती काढली नाही आणि वृषाली ती विसरली नाही.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानशी कंपनी होती. वृषाली तिथे नऊ वर्षं काम करत होती. कंपनी एकच वस्तू बनवायची: घोट्याला बांधायचा दोन बोटं रुंदीचा पट्टा. नाव 'कानोसा'. रविवारी सकाळी ती पट्टा घेऊन दादाकडे गेली.

"हे बघ," ती म्हणाली, "माणूस नव्यानं पळायला लागला की त्याचा दम दीड महिन्यात वाढतो. स्नायूही भराभर तयार होतात, कारण त्यांना रक्त भरपूर मिळतं. पण स्नायूला हाडाशी बांधणारा जो दोर असतो ना, कंडरा, त्याला रक्त मिळतं थेंबथेंब. त्याला तयार व्हायला सहा-आठ महिने लागतात. म्हणजे दीड महिन्यानंतर माणसाला वाटतं, आता आपण वाघ झालो. आणि टाचेमागचा दोर तोच असतो, बसून राहिलेल्या माणसाचा. सगळ्या दुखापती या मधल्या काळात होतात."

"आणि हा पट्टा काय करणार?"

"ऐकणार. दोरावर ताण आला की त्यातले केसाहून बारीक धागे तुटतात. रोज थोडे तुटतातच, विश्रांती मिळाली की जुळतात, आणि जुळताना पहिल्यापेक्षा पक्के होतात. प्रत्येक धागा तुटताना आवाज होतो, पण तो इतका उंच असतो की आपल्या कानाला कळत नाही. पट्ट्याला कळतो. तो मोजतो किती तुटले आणि सकाळपर्यंत किती जुळले. मग सांगतो, आज एवढंच पळ. हिरवा दिवा असेल तर जा, पिवळा झाला की चाल, तांबडा झाला की घरी."

दादाने पट्टा हातात घेऊन उलटासुलटा केला. "म्हणजे बेअरिंग जायच्या आधी आवाज देतं, तसं."

"अगदी तसंच."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला, आणि पट्टा बांधून घेतला.

आगारातल्या सात-आठ जणांचा पहाटे पळायचा एक गट होता. दादा त्यात जाऊ लागला. पट्ट्याने पहिल्या दिवशी त्याला चार मिनिटं पळू दिलं, तीही सलग नाही. दुसऱ्या आठवड्यात पाच. सहाव्या आठवड्यात नऊ. गटातली मंडळी पुढे निघून जायची आणि दादा पिवळा दिवा लावून रस्त्याच्या कडेने चालत राहायचा. जगताप कंडक्टर साठीला टेकलेला, पण जन्मभर डोंगरातल्या गावी जाऊन-येऊन करणारा, तो परत येताना दादाच्या शेजारून जाताजाता म्हणायचा, "काय भोईटे, सिग्नल सुटला नाही का अजून?"

सातव्या आठवड्यात दादाने पट्टा खिळ्याला अडकवून ठेवला. वहिनींचा फोन आला म्हणून वृषाली दुपारी जेवायच्या वेळी गेली. दादा भाकरी कुस्करत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

"दादा, आठवडा झाला म्हणे, गेला नाहीस."

"नाही जायचं मला."

"का पण?"

"दम आहे, पाय आहेत, फक्त परवानगी नाही," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "वृषे, माणसांत शोभत नाही गं. साठीला आलेले बाप्ये पळतात आणि मी त्यांच्या मागनं बैलगाडीसारखा. तुझ्या यंत्राला मी एवढा म्हातारा दिसतो का?"

ती काहीबाही समजुतीचं बोलली. तो "हं" म्हणाला. हात धुवून कामावर गेला, आणि पट्टा खिळ्यालाच राहिला.

त्याच दुपारी वृषालीने कंपनीत बसून दादाची नोंद उघडली. त्याचा पट्टा तिने आपल्या चाचणीच्या खात्यावर चढवला होता. त्या खात्यातल्या पट्ट्यांची मर्यादा हाताने बदलता यायची. ती मर्यादा मुळात तिनेच आखलेली होती. कंडरा प्रत्यक्षात जेवढं सोसेल त्याच्या पुष्कळ आधीच दिवा पिवळा व्हावा, अशी. हे मधलं अंतर जरा जास्तच आहे असं तिला नेहमी वाटायचं. तिने ते निम्मं केलं.

खाली एक चौकट होती: 'मर्यादा हाताने बदलली आहे. कारण लिहा.' त्या चौकटीत खूण केली की त्या माणसाची नोंद सगळ्यांच्या सामायिक कोष्टकातून बाजूला निघायची. कंपनीचं यंत्र त्या कोष्टकावरूनच शिकत असे: कोणत्या वयाच्या, किती वजनाच्या माणसाला किती झेपलं हे पाहून ते नव्या माणसांच्या मर्यादा ठरवायचं. खूण केली असती तर कारण लिहावं लागलं असतं, आणि ते कारण कंपनीच्या प्रमुख फरीदा मुल्ला यांनी वाचलं असतं. वृषालीने चौकट रिकामी सोडली. दोन आठवडे, ती मनाशी म्हणाली. गोडी लागली की परत खाली आणू.

संध्याकाळी तिने फोन केला. "दादा, उद्या जाऊन बघ. तुझी मर्यादा वाढली असेल आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याचा फोन आला. तो धापा टाकत होता. "वृषे, सतरा मिनिटं. सलग. हिरवा होता शेवटपर्यंत. जगतापच्या बरोबरीनं आलो."

तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

पुढचे पाच महिने त्या घरात जत्रेसारखे गेले. दादाची साखर उतरली, पँट ढिल्या झाल्या, वहिनींनी तीन पँट शिंप्याकडे टाकल्या. तो रोज सकाळी बहिणीला फोन करून आज कुठपर्यंत गेलो ते सांगायचा. आगारात नव्या माणसाला पट्टा दाखवायचा: "आमच्या बहिणीनं केलेला आहे." दोन आठवड्यांचे चार झाले, चाराचे आठ. मर्यादा खाली आणायची म्हणजे त्याला परत रस्त्याच्या कडेला चालायला लावायचं. तिचा हात होईना. शिवाय काही झालंही नव्हतं. काही होत नाही म्हणजे आपलंच गणित बरोबर होतं, असं ती धरून चालली.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गटाने यवतेश्वरच्या घाटातून दहा किलोमीटर पळायचं ठरवलं. आदल्या दिवशी शनिवारी, दुपारच्या चहानंतर, वृषालीने सहज दादाची नोंद उघडली. दिव्याचा रंग न पाहता तिने मुळातले आकडे पाहिले, धागे तुटल्याचे. नऊ दिवस सकाळची मोजणी खाली येत नव्हती. रोज तुटत होते आणि रात्रीतून जुळत नव्हते. मूळ मर्यादा असती तर गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारीच दिवा तांबडा झाला असता.

ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. फोन शेजारीच होता. दादा नवे बूट घालून घरात फेऱ्या मारत असेल. वहिनींनी गटाच्या सगळ्यांसाठी थालीपीठं करायचा घाट घातला होता. आता सांगायचं तर कारणही सांगावं लागणार होतं. एकच तर धाव आहे, तिने ठरवलं, सोमवारी सकाळी मर्यादा पूर्ववत करू आणि त्याला महिनाभर विश्रांती देऊ. तिने नोंद बंद केली.

सातव्या किलोमीटरला, धुक्यात, दादाला वाटलं कुणीतरी मागून टाचेवर लाथ मारली. तो रागाने मागे वळला. मागे कुणी नव्हतं. जगताप वीस पावलांवर होता. मग दादाचा पाय खाली टेकला आणि तो रस्त्यावर बसला. टाचेमागची कंडरा पूर्ण तुटली होती. जगताप नंतर सांगायचा, सुतळी तुटल्यासारखा आवाज त्याने वीस पावलांवरून ऐकला.

शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी फरीदा मुल्ला दवाखान्यात आल्या. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी दादाची विचारपूस केली आणि मग म्हणाल्या, "भोईटेसाहेब, पळताना दिवा कोणता होता?"

दादाने एकदा बहिणीकडे पाहिलं. ती खिडकीपाशी उभी होती.

"तांबडा," तो म्हणाला. "तीन-चार दिवस तांबडाच होता. मीच बघून न बघितल्यासारखं केलं, मॅडम. पट्ट्याचा काही दोष नाही."

वृषाली खिडकीबाहेर बघत राहिली.

बाहेरच्या व्हरांड्यात आल्यावर मुल्लाबाई थांबल्या. "तुझा भाऊ भला माणूस आहे. नोंदीत दिवा हिरवा आहे, शेवटच्या क्षणापर्यंत. तो तुला वाचवायला खोटं बोलतोय. याचा अर्थ आपला पट्टाच चुकला." त्यांनी कपाळ चोळलं. "आणि मला दुसरीच भीती वाटतेय. पन्नाशीपुढची, वजनदार, नव्यानं पळू लागून महिनोन्महिने टिकलेली माणसं आपल्या कोष्टकात थोडीच आहेत, त्यामुळे एकेकाची नोंद जड पडते. या वयाच्या सगळ्यांच्या मर्यादा मेपासून आपोआप वर चढत गेल्यात. मी खूश होते, म्हटलं, माणसं आपल्या समजापेक्षा कणखर आहेत. अशी अकराशे माणसं आज आपले पट्टे बांधून पळताहेत, वृषाली. पट्टा कुठं चुकला ते शोधून काढ. शोधेपर्यंत काय करायचं तेही सांग."

वृषालीला एकदम उमगलं. दादा रोज जास्त पळत होता आणि त्याला काही होत नव्हतं. पाच महिने यंत्राने ते पाहिलं होतं आणि त्यावरून धडा घेतला होता. एका रिकाम्या चौकटीतून तो धडा अकराशे घोट्यांपर्यंत गेला होता.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

आधी दादाला सांगायचं, हे तिने ठरवलं होतं. त्याला त्याच संध्याकाळी घरी सोडलं. पाय गुडघ्यापर्यंत बुटासारख्या साच्यात, उशीवर ठेवलेला. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा तोच म्हणाला, "मॅडमना पटलं का गं?"

"दादा, तू खोटं का बोललास?"

"मग काय बोलू? तुझं नऊ वर्षांचं काम आहे." त्याने पायाकडे पाहिलं. "आणि तसं बघितलं तर माझंच चुकलं. टाच दुखत होती माझी."

"कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस. सकाळी पलंगावरनं उतरलो की पहिली चार पावलं टाकवत नव्हती. पुढं चालून चालून मोकळं व्हायचं. शालनला पण सांगितलं नाही. पट्टा बघायचो, तो हिरवा. म्हटलं, आपल्याला काय कळतंय? टाच चुकत असेल, वृषीचं यंत्र चुकायचं नाही."

वृषाली त्याच्या पायाशी खाली बसली आणि तिने मर्यादेचं सगळं सांगितलं. ती दुपार, ते निम्मं केलेलं अंतर, ती रिकामी चौकट. तिचं संपलं तेव्हा चहा आला होता आणि वहिनी दारात कपबशा घेऊन उभ्या होत्या.

"म्हणजे सतरा मिनिटं मी पळालो, ते..." दादा म्हणाला आणि थांबला. "मला वाटलं होतं, मी झालो तयार."

"दादा, तू पट्टा टांगून ठेवला होतास. मला वाटलं, तू सोडून देशील."

"सोडलं असतं. माझं मी सोडलं असतं." त्याचा आवाज चढला नाही. "कीव केलीस तू माझी. आणि मी गावभर सांगत सुटलो."

वहिनींनी चहा टेबलावर ठेवला. तो कुणीच प्यायला नाही.

शनिवारची गोष्ट वृषालीने सांगितली नाही. ओठांवर आली होती. पण त्याचा चेहरा पाहून तिला वाटलं, आज एवढं पुरे. ते कारण खरं नव्हतं, हे तिला स्वतःशी म्हणतानाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मुल्लाबाईंनी तिचं ऐकून घेतलं, दार लावलं आणि पहिलं काम केलं ते दादाची नोंद कोष्टकातून काढायचं. दुपारपर्यंत अकराशे पट्ट्यांच्या मर्यादा मागे आल्या. प्रत्येकाला निरोप गेला, आठ दिवस पळू नका, टाच दुखत असेल तर कळवा. सतरा जणांनी कळवलं. त्यातल्या दोघांच्या कंडरा अर्धवट फाटलेल्या निघाल्या.

"तुझ्या नोकरीचं संचालक ठरवतील," मुल्लाबाई म्हणाल्या. "पण हे सतरा फोन तू करायचेस. कंपनीच्या नावानं नाही, स्वतःच्या नावानं."

तिने दोन दिवसांत सतरा फोन केले. काही जणांनी शिव्या दिल्या, एकाने वकिलाचं नाव सांगितलं. ते तिला सोपं गेलं. अवघड गेल्या त्या फलटणच्या एका बँकेतल्या बाई, त्रेपन्न वर्षांच्या, नुकत्याच पळू लागलेल्या. कंडरा फाटलेल्या दोघांपैकी एक. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं मीच नाजूक. बाकीच्यांना झेपतंय, तर दुखतंय कसं म्हणायचं, म्हणून गप्प बसले." मग त्याच म्हणाल्या, "असू दे. फोन केलात ते बरं केलं."

संचालकांनी तिला काढलं. त्यात अन्याय काही नव्हता.

नंतरचे दोन महिने ती एक दिवसाआड दादाकडे जात राहिली. साचा निघाला, काठी आली. व्यायाम शिकवणारी बाई यायची. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या. दादा ते नेमाने करायचा. वृषालीशी तो बोलायचा, पण कामापुरतं. पाणी दे, पंखा कमी कर. सकाळचे फोन बंद झाले होते.

दिवाळी उलटल्यावर एकदा ऊन खायला म्हणून दोघं अंगणात बसली होती. वहिनी बाजारात गेल्या होत्या. दादा बराच वेळ काठीची मूठ फिरवत होता.

"मी विचार केला," तो म्हणाला. "तुला वाटलं, मला आनंद व्हावा. तो झाला, खोटं कशाला बोलू. गणित चुकलं तुझं, कुणाचंही चुकतं. मीही एकदा ब्रेकचा नट ढिला ठेवून गाडी सोडलीय, नशिबानं स्टँडातच कळलं. तू काय जाणूनबुजून केलं नाहीस. तेव्हा आता ते डोक्यातनं काढून टाक."

वृषालीला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तो जे देत होता ते तिला हवं होतं, गेले दोन महिने दुसरं काहीच हवं नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. दादाला कधीच कळलं नसतं. ते आकडे तिने उघडले होते हे कोणत्याही नोंदीत नव्हतं.

"दादा, जाणूनबुजून केलं," ती म्हणाली.

काठीची मूठ फिरायची थांबली.

"आदल्या शनिवारी दुपारी मी तुझे आकडे बघितले होते. नऊ दिवस दोर जुळत नव्हता. मला दिसलं होतं. फोन शेजारीच होता. तुला सांगितलं असतं तर मर्यादेचं सांगावं लागलं असतं. म्हणून नाही केला. म्हटलं, सोमवारी बघू."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. दादाने काठी दोन्ही हातांत आडवी धरली होती. तो तिच्याकडे बघत नव्हता, समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"दवाखान्यात मी तांबडा म्हणालो, तेव्हा तुला हे माहीत होतं."

"हो."

"आणि तू खिडकीशी उभी होतीस."

"हो."

तो उठायला लागला. ती हात द्यायला पुढे झाली, तर त्याने नुसती मान हलवली. भिंतीला धरून, चांगल्या पायावर भार देत तो उभा राहिला. दारापर्यंत नऊ-दहा पावलं होती. ती त्याने एकट्याने टाकली, फार सावकाश. दुखरा पाय प्रत्येक वेळी टेकवून, थांबून, मगच पुढचं. वृषाली जागच्या जागी उभी राहिली.

उंबऱ्यापाशी त्याने चौकट धरली.

"आता जा तू घरी," तो म्हणाला.

तिने पिशवी उचलली. फाटकाची कडी काढली तेव्हा मागून त्याचा आवाज आला. तो अजून पाठमोराच होता.

"बुधवारी डॉक्टरांनी बोलावलंय, दहा वाजता. तिथली लिफ्ट बंद आहे, दोन मजले चढायचेत. शालनला मी आवरायचा नाही." मग थोडं थांबून, "साडेनवाला ये."